फेद्र नेमकी कुठे चुकते? फ्रेंच शोकांतिकांमधलं प्रेम, अब्रू आणि मनाचं कच्चेपण

रातराणी

सतराव्या शतकातल्या फ्रेंच नाटककार रासीनच्या 'फेद्र'चा विषय निघाला की सगळीकडे एकच ओळ ऐकू येते : राणी सावत्र मुलाच्या प्रेमात पडली आणि घराची राखरांगोळी झाली. मला हे अजिबात पटत नाही. नाटक जितक्या वेळा वाचते तितकी माझी खात्री होते, की फेद्रचा गुन्हा तिच्या प्रेमात नाहीच. तो चौथ्या अंकात आहे, ती गप्प बसते तिथे. यावर इथल्या जाणकारांशी बोलायचंय, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. राजा थीसियस (फ्रेंचमध्ये तेझे) सहा महिन्यांहून जास्त काळ बेपत्ता आहे. त्रेझेन नगरीत त्याची दुसरी बायको फेद्र अंथरुणाला खिळली आहे. तिचा सावत्र मुलगा इपोलीत, पूर्वीच्या अॅमेझॉन राणीचा मुलगा, आरिसी नावाच्या राजकन्येवर प्रेम करतो. आरिसी शत्रूच्या घराण्यातली, तिच्या लग्नावर राजाने बंदी घातलेली. आणि फेद्रचं प्रेम इपोलीतवर.

पहिल्या अंकातला तिचा प्रवेश बघा. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, तीन दिवस पोटात अन्न नाही. उजेड बघायचा म्हणून बाहेर येते आणि चार पावलांत गळून बसते. अंगावरचे दागिने जड होतात, डोक्यावरचा पदर जड होतो. कोणत्या नसत्या हातांनी माझे केस असे गाठी मारून बांधले, म्हणून ती चिडते. रासीन रंगसूचना जवळजवळ लिहीतच नाही, पण इथे 'ती बसते' एवढं त्याने लिहून ठेवलंय. दाई एनोन तिचे गुडघे धरते, रडते, मीच आधी मरते म्हणून धमकावते. फेद्रच्या तोंडून शब्द फुटत नाही. तुम्ही मेलात तर राज्य त्या परक्या बाईच्या मुलाकडे जाईल, असं एनोन बोलून जाते आणि बोलता बोलता इपोलीतचं नाव घेते. फेद्र किंचाळते. पुढे कबुली द्यायची वेळ येते तेव्हाही ते नाव ती स्वतः घेत नाहीच. 'त्या अॅमेझॉनचा मुलगा' इथवर ती येते, एनोन नाव उच्चारते, आणि फेद्र म्हणते, 'नाव तू घेतलंस.'

जी बाई नावसुद्धा ओठांवर येऊ देत नाही, तिला वासनेची बळी म्हणून निकालात काढायचं? तिने आधी काय काय करून पाहिलंय ते ती स्वतः सांगते. प्रेमदेवता व्हीनसचं देऊळ बांधलं, बळी दिले. त्याला घराबाहेर काढण्यासाठी जाच करणाऱ्या सावत्र आईचं सोंगही घेतलं. लढाईत तिने कसर ठेवलेली नाही.

आता चौथा अंक. मधे नवरा मेल्याची बातमी आली तेव्हा फेद्रने इपोलीतसमोर प्रेम कबूल केलं होतं. आता तो नवरा जिवंत परत आलाय. एनोनने उलटा आळ घेतलाय, की इपोलीतनेच राणीवर हात टाकला. राजाने मुलाला हाकलून दिलंय आणि समुद्रदेव नेपच्यूनकडे त्याचा जीव मागितलाय. फेद्र धावत येते, मुलाला वाचवा म्हणून. खरं सांगायच्या अगदी बेतात असते. तेवढ्यात थीसियस सहज बोलून जातो, की तो लबाड म्हणतो माझं प्रेम आरिसीवर आहे. त्याचा स्वतःचा त्यावर विश्वासही नाही. पण फेद्रचा बसतो. तिचं तोंड मिटतं. राजा निघून जातो आणि ती एकटीच म्हणते, 'मी त्याला वाचवायला आले होते. कदाचित स्वतःवर दोष घेतलाही असता.'

त्या 'कदाचित'मध्ये माझ्या मते सगळं नाटक आहे. प्रेम तिच्या हातात नव्हतं. गप्प बसणं तिच्या हातात होतं. इतक्या वेळ जी चूप होती ती अब्रूसाठी होती, आणि त्या चूप बसण्याला मोल होतं. ही चूप मत्सराची आहे, आणि एका निरपराध मुलाचा जीव त्यात जातो.

तुम्हाला काय वाटतं? आणि रासीनच्या आधीच्या पिढीतला नाटककार कॉर्नेय वाचणाऱ्यांनी त्याच्या 'ल सिद'बद्दलही लिहा. तिथेही सगळा खेळ बोलण्या-न बोलण्याचाच आहे.

शमी

रातराणी, लेख आवडला, पण मला वाटतं तुम्ही फेद्रला एक अंक उशिरा पकडताय.

तिसऱ्या अंकात थीसियस परत आल्याची बातमी येते. एनोन म्हणते, इपोलीत बोलायच्या आत आपणच आळ घेऊ, त्याची तलवार आपल्याकडे आहे, तोच पुरावा. फेद्र आधी नाही म्हणते. निरपराध माणसावर बालंट घेऊ? मग समोरून इपोलीत येताना दिसतो, त्याच्या डोळ्यांत तिला आपला सर्वनाश दिसतो, आणि ती दाईला म्हणते, 'तुला हवं ते कर, मी स्वतःला तुझ्या हवाली करते.' झालं. इथेच ती पडली. खोटं दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतलं, एवढंच.

आणि रासीन यात तिला साथ देतो, याचा मला मनापासून राग येतो. सेनेकाच्या नाटकात आळ स्वतः फेद्रच घेते. युरिपिडीसच्या नाटकात ती मरताना लिहून ठेवते. रासीनने ते एनोनवर ढकललं, आणि प्रस्तावनेत कारणही दिलंय : असलं हलकं कृत्य राजकन्येला शोभत नाही, दाईला शोभतं, कारण तिची वृत्ती गुलामाची असू शकते. म्हणजे राणीची अब्रू नाटककारानेच नोकराणीच्या जिवावर सांभाळली.

पुढे एनोनला काय मिळतं? चौथ्या अंकाच्या शेवटी फेद्र तिला राक्षसी म्हणून हाकलून देते. एनोन म्हणते, 'तिच्यासाठी सगळं केलं, सगळं सोडलं, आणि हे फळ? माझी लायकीच ती.' आणि जाऊन समुद्रात जीव देते. पाचव्या अंकात विष घेतलेली फेद्र नवऱ्यासमोर कबुली देते तेव्हाही 'बाकीचं त्या नीच एनोनने घडवलं' असं म्हणतेच. मरतानाही पूर्ण दोष घेत नाही!

तळटीप

दोघींचं वाचतोय. शमी यांचा प्रस्तावनेचा मुद्दा जबरदस्त आहे.

'ल सिद'बद्दल विचारलंत म्हणून लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

जानेवारी १६३७, पॅरिसचं मारे नाट्यगृह. कॉर्नेय तेव्हा तिशीचा, रुआँ शहरातला वकील. गोष्ट स्पेनची, गियेन द कास्त्रोच्या नाटकावरून घेतलेली. राजपुत्राचा गुरू म्हणून म्हाताऱ्या दों दिएगची नेमणूक होते. भर उमेदीतला काउंट दों गोमेस चिडतो आणि त्याला थोबाडीत देतो. म्हातारा तलवार उपसतो, पण हातात ताकद नाही, काउंट ती सहज पाडतो. मग तो मुलाला, रोद्रिगला बोलावतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो छातीत दम आहे का, एवढाच. कोणाशी लढायचं ते बोलण्याच्या अगदी शेवटी सांगतो : शिमेनच्या बापाशी. शिमेनशी रोद्रिगचं लग्न ठरत आलेलं असतं.

रोद्रिग एकटा उरतो, आणि इथे कॉर्नेय नेहमीचं बारा अक्षरांचं वृत्त सोडून कडवी लिहितो. प्रत्येक कडवं 'शिमेन' या नावावर येऊन थांबतं. बदला घेतला तर तिचा राग, नाही घेतला तर तिची तुच्छता. दोन्ही वाटांनी ती जाणारच. मग निदान बापाची अब्रू तरी राखू. मला हा युक्तिवाद भयंकर वाटतो, कारण तो इतका बरोबर आहे.

काउंट मरतो. शिमेन राजाकडे न्याय मागते. आणि तिसऱ्या अंकात रोद्रिग तिच्याच घरी येतो, हातात तीच तलवार. ही घे, मार मला, म्हणतो. ती म्हणते, माझ्या बापाच्या रक्ताने भिजलेली ती वस्तू आधी डोळ्यांआड कर. आणि मग रडारड नाही, आरडाओरड नाही, दोघं कर्तव्याबद्दल बोलतात. 'तू एका सज्जन माणसाने करावं तेच केलंस,' ती म्हणते, 'पण ते करून मला माझं कर्तव्य शिकवलंस.' म्हणजे तिने त्याचा पाठलाग केला नाही तर ती त्याच्या लायकीची उरणार नाही. आणि या सगळ्यात एक वाक्य निसटतं : 'जा, मी तुझा द्वेष करत नाही.' प्रेम आहे असं ती म्हणत नाही. पण समोरच्याला कळतं, प्रेक्षकांनाही कळतं.

या नाटकावरून पॅरिसमध्ये रण माजलं. स्क्युदेरी नावाच्या नाटककाराने पुस्तिका काढली आणि शिमेनला कुलाला काळिमा लावणारी मुलगी ठरवलं, बापाचा मारेकरी घरात येतो आणि ही त्याच्याशी बोलत बसते म्हणून. राजाचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्य याने प्रकरण फ्रेंच अकादमीकडे दिलं. अकादमी १६३५ची, अगदी नवी संस्था. शाप्लँने मुख्यत्वे लिहिलेला निवाडा १६३७च्या अखेरीस आला. त्यांचं म्हणणं असं, की मुलीने बापाच्या मारेकऱ्याशी लग्नाला तयार व्हावं हे इतिहासात घडलं असेलही, पण रंगभूमीवर ते पटत नाही आणि शोभत नाही.

एक पार्श्वभूमी लक्षात घ्या. १६२६ला द्वंद्वयुद्धांविरुद्ध कडक हुकूम निघाला होता. पुढच्याच वर्षी मोंमोरांसी-बुतव्हिल या बड्या सरदाराने भर पॅरिसात द्वंद्व केलं आणि रिशल्यच्या राज्यात त्याचं डोकं उडवलं गेलं. त्यानंतर दहा वर्षांनी रंगमंचावर एक तरुण अब्रूसाठी द्वंद्व करतो आणि सगळं शहर त्याच्या प्रेमात पडतं. सरदारांची अब्रू आणि राजाचा कायदा यांचं तेव्हाचं भांडण त्या नाटकाच्या पोटात आहे.

उंबरठा

तळटीप, फार छान. पण कॉर्नेय म्हटल्यावर 'ओरास'शिवाय (म्हणजे होरेस) कसं चालेल? अब्रूचा खरा चेहरा तिथे दिसतो.

रोम आणि आल्बा यांचं युद्ध. दोन्हीकडून तिघे तिघे भाऊ लढून निकाल लावणार. रोमकडून होरेस बंधू, आल्बाकडून क्युरिएस बंधू. एका होरेसची बायको क्युरिएसांची बहीण, आणि होरेसांची बहीण कामीय हिचं लग्न एका क्युरिएसशी ठरलेलं. दोन भाऊ पडले आणि तिसरा पळाला अशी अर्धवट खबर येते. तिघांविरुद्ध एकट्याने काय करायला हवं होतं, असं कोणी तरी विचारतं आणि म्हातारा बाप म्हणतो, 'मरायला हवं होतं!' या वाक्यावर टाळ्या पडत आल्या आहेत. मला ते ऐकवत नाही.

पळणं ही चाल होती. होरेस तिघांनाही मारून परततो. कामीय समोर येते. तो म्हणतो, माझ्या विजयाला मान दे. ती रोमला शिव्याशाप देते, सगळं शहर जळताना याच डोळ्यांनी पाहायचंय म्हणते. तो तलवार काढून पडद्यामागे तिला मारून येतो. मग राजासमोर खटला होतो आणि तो सुटतो, कारण राज्याला त्याची गरज आहे.

फेद्र गप्प बसली म्हणून दोषी, आणि कामीय बोलली म्हणून मेली. बायकांच्या बोलण्याची किंमत काय होती ते यात आलं. म्हणून रातराणी, तुमचा 'गप्प बसणं तिच्या हातात होतं' हा मुद्दा मला अर्धाच पटतो.

केशरकाडी

वाचतेय. मी फ्रेंच शिकताना 'फेद्र'चे उतारे पाठ केले होते, अर्थ आत्ता पोचतोय. नवख्याने सुरुवात कुठून करावी?

तळटीप

केशरकाडी, रासीनच्या 'बेरेनीस'पासून करा. सर्वांत साधं कथानक आहे आणि कोणी मरत नाही.

रातराणी

उंबरठा, कामीयचा मुद्दा मनाला लागला. तिचं बोलणं हेच त्या नाटकातलं एकमेव मोकळं कृत्य आहे, आणि तेच सहन होत नाही. मान्य.

शमी, तिसऱ्या अंकाबद्दल. तिथे ती भेदरलेली आहे. नवरा दारात, तरुण समोर, डोकं ठिकाणावर नाही. त्या घटकेला माणूस काय बोलतो ते त्याच्या स्वभावाचं माप नव्हे, असं मला वाटतं. रासीन स्वतःच प्रस्तावनेत तिला 'पुरती दोषीही नाही, पुरती निर्दोषही नाही' म्हणतो, आणि आळ घ्यायला ती तयार होते ती भान हरपलं म्हणून, अशीच तिची बाजू मांडतो. चौथ्या अंकात तसं नाही. तिथे ती स्वतःच्या पायांनी, विचार करून, योग्य तेच करायला आलेली असते. एक माहिती कानावर पडते आणि ती वळते. भीतीपोटी झालेलं पाप आणि माहीत असून होऊ दिलेलं पाप, दोन्ही एका तागडीत कशी घालू?

आणि लगेच पुढचं तिचं बोलणं वाचा. त्या दोघांना कसं भेटता येत असेल? रानात लपत असतील? छे, त्यांना लपायची गरजच नव्हती, त्यांचा प्रत्येक दिवस निरभ्र उगवायचा. मी मात्र उजेडापासून पळत होते. प्रेमभंगाच्या दुःखापेक्षा हे खोल आहे. ज्यांच्या प्रेमात लाज नाही अशा माणसांचा तिला हेवा वाटतो.

एनोनबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. तिच्यावर अन्यायच झालाय.

पश्चिमरंग

चर्चा वाचून राहवलं नाही. तिची ती लाज कुठून येते, यावर थोडं.

रासीन १६३९चा, ला फेर्ते-मिलों गावचा. आईबाप लहानपणीच गेले, आजीने वाढवलं. शिक्षण पोर-रोयालच्या मठात, जान्सेनिस्ट गुरूंकडे. ही कॅथलिकांतलीच एक कडक शाखा. त्यांची शिकवण अशी, की पापाने माणसाची इच्छाशक्तीच मोडली आहे. देवाची कृपा झाली तरच तो तरतो, आणि ती कोणावर होईल ते आपल्या हातात नाही. चांगलं काय ते दिसतं, करायची इच्छाही असते, आणि तरी पाय तिकडे वळत नाही. फेद्रचं हुबेहूब वर्णन आहे हे. नाटकात व्हीनसचा कोप म्हटलंय, पण तिच्या अंगावरचं ओझं पोर-रोयालचं आहे.

तिच्या घराण्याकडे बघा. आजोबा साक्षात सूर्य, म्हणजे दिवसा लपायला जागा नाही. वडील मिनोस पाताळात मेलेल्यांचा न्याय करतात, म्हणजे मरूनही लपायला जागा नाही. आपल्या मुलीला समोर बघून बापाच्या हातातलं न्यायाचं पात्र गळून पडतंय, असं तिला चौथ्या अंकात दिसतं. विषाने सुटका होणार नाही हे तिला ठाऊक आहे.

रासीनचं आणि गुरूंचं तरुणपणीच बिनसलं होतं. नाटककार म्हणजे लोकांच्या आत्म्यांना विष घालणारे, असं पोर-रोयालच्या निकोलने लिहिलं. रासीनने ते स्वतःला लावून घेतलं आणि १६६६ला जहाल उत्तर दिलं. 'फेद्र' १ जानेवारी १६७७ला ओतेल द बुर्गोन्यमध्ये आलं, दोनच दिवसांत विरोधी गटाने प्रादोंचं त्याच विषयावरचं नाटक दुसरीकडे उभं केलं, दोन्हीकडून विखारी कविता फिरल्या. आणि रासीन धंदेवाईक रंगभूमीवरून गेलाच. राजाचा इतिहासकार झाला, लग्न केलं, पोर-रोयालशी समेट केला. पुढची दोन नाटकं, 'एस्तेर' आणि 'आताली', मादाम द मँतनोंच्या सँ-सीरच्या शाळेतल्या मुलींसाठी, बायबलवरची. १६९९ला गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे पोर-रोयालमध्येच पुरलं. मठ राजाने पाडला तेव्हा रासीनचे अवशेष १७११ला पॅरिसच्या सेंत-एत्येन-द्यु-मोंमध्ये आणले.

रातराणी, तुम्ही म्हणता गप्प बसणं तिच्या हातात होतं. जान्सेनिस्ट म्हणाला असता, नव्हतं. आणि तरीही ती दोषी. हीच त्या नाटकाची दाहकता.

केशरकाडी

'बेरेनीस' वाचलं! एका बैठकीत. काही तरी लिहायलाच हवं.

तितुस नुकताच रोमचा सम्राट झालाय. ज्यूडियाची राणी बेरेनीस वर्षानुवर्षं त्याच्यासोबत, आता लग्न होणार म्हणून आनंदात. पण रोमला परकी राणी चालत नाही. कायदा मोडायची सत्ता त्याच्याकडे आहे, तरी तो मोडणार नाही. पाच अंकांत घडतं ते एवढंच, की त्याला हे तिला सांगता येत नाही. दुसऱ्या अंकात तोंड उघडतो, 'रोम... साम्राज्य...' म्हणतो आणि निघून जातो. तिच्यावर मुकाट प्रेम करणाऱ्या आंतिओकुसला निरोप्या बनवतो. सम्राट आहे आणि एक वाक्य बोलायला दुसऱ्याला पाठवतो! मनाचं कच्चेपण म्हणजे हेच ना?

चौथ्या अंकात शेवटी समोरासमोर. ती म्हणते, महिन्याने, वर्षाने, आपल्यामध्ये एवढे समुद्र असतील तेव्हा कसं सोसायचं? दिवस उगवेल, मावळेल, आणि तितुसला बेरेनीस दिसणार नाही. मग त्याच्याकडे बघून, 'तुम्ही सम्राट आहात, आणि तुम्ही रडता!' मला इथे पुस्तक बाजूला ठेवावं लागलं.

शेवटी तिघंही मरायची भाषा करतात, आणि तीच तिघांना वाचवते. मी जाते, तुम्ही राज्य करा, पुन्हा भेटायचं नाही. रोमची अब्रू तितुसने राखली म्हणतात. माझ्या मते ती बेरेनीसने राखली, आणि तिला रोमचं काहीही देणं लागत नव्हतं.

तळटीप

केशरकाडी, सुंदर लिहिलंत. रासीनने त्याच्या प्रस्तावनेत स्पष्टच लिहिलंय, की शोकांतिकेत रक्त आणि मढी असायलाच हवीत असं नाही. १६७०च्या नोव्हेंबरात हे नाटक आलं आणि आठवड्याभरात कॉर्नेयचं 'तीत ए बेरेनीस' मोलिएरच्या मंडळीने केलं. म्हातारा आणि तरुण, एकच विषय. तरुण जिंकला.

त्याच काळातला लेखक ला ब्रुयेर म्हणून गेलाय, की कॉर्नेय माणसं असायला हवीत तशी रंगवतो आणि रासीन आहेत तशी. शाळेपासून सगळे हेच घोकतात. मला ते अपुरं वाटतं. शिमेनच्या तोंडून निसटलेलं ते वाक्य असायला हव्या तशा माणसाचं नाही, आणि बेरेनीस जाते तशी माणसं सहसा जात नाहीत.

रासीनच्या 'आंद्रोमाक'मधला एक क्षण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओरेस्तचं एर्मियोनवर प्रेम, तिचं पिरुसवर, त्याचं आंद्रोमाकवर, आणि आंद्रोमाक मेलेल्या हेक्टरची. एर्मियोन चिडून ओरेस्तला सांगते, पिरुसला मार. तो ते करवून आणतो आणि बक्षीस मागायला येतो. ती विचारते, 'तुला कोणी सांगितलं?' तिनेच सांगितलं होतं! पण ती खोटं बोलत नाहीये. प्रेमात पडलेल्या बाईच्या रागाच्या शब्दांवर तू विश्वास ठेवलासच कसा, असं ती विचारतेय. मग ती जाऊन पिरुसच्या प्रेतावर जीव देते आणि ओरेस्तला वेड लागतं. रातराणींच्या धाग्याला हे जोडा : इथे बोललेलं मारतं, तिथे न बोललेलं.

नाट्यवेडा

प्रयोगाच्या अंगाने थोडं. ही नाटकं नुसती वाचून संपत नाहीत. बारा अक्षरांची ओळ, मध्ये यती, दोन दोन ओळींचं यमक. नटाला श्वास कुठे घ्यायचा ते कवीनेच ठरवून दिलेलं असतं. फेद्रची पहिली नटी शांमेले, तिला रासीनने स्वतः पाठ दिले असं सांगतात. पात्रिस शेरोने २००३ला दोमिनिक ब्लांला घेऊन केलेल्या 'फेद्र'चं चित्रीकरण आहे, मिळालं तर जरूर बघा. प्रेक्षक दोन्ही बाजूंना, मध्ये लांबट मोकळी जागा, ओळी गायल्यासारख्या न म्हणता अंगातून आल्यासारख्या.

इपोलीतचा मृत्यू दिसत नाही, तेरामेन येऊन सांगतो. लाटेतून निघालेला राक्षस, उधळलेले घोडे, लगामात अडकलेला मुलगा. दिग्दर्शक पुष्कळदा घाबरून हे भाषण कापतात. कापू नये. ऐकणाऱ्या थीसियसच्या चेहऱ्यावर खरा प्रयोग चाललेला असतो. मुलाला त्यानेच शाप दिला होता.

शमी

नाट्यवेडा, थीसियसचं नाव काढलंत ते बरं झालं. आपण सगळे एनोन आणि फेद्र यांच्यात दोष वाटत बसलो आणि तो सुटून चालला होता. चौकशी नाही, साक्ष नाही, राणीला नीट विचारणंसुद्धा नाही. दाईने सांगितलं, तलवार दाखवली, की मुलाचा जीव मागून मोकळा. त्याची स्वतःची बाईलवेडाची कीर्ती सगळ्या ग्रीसभर, आणि मुलावर संशय घ्यायला एक घटका लागत नाही.

आणि इपोलीतचं काय? तोही गप्प बसतोच की. बापासमोर आळ नाकारतो, आरिसीवरचं प्रेम कबूल करतो, पण फेद्रने काय केलं ते सांगत नाही. आरिसी त्याला पाचव्या अंकात विचारते, का नाही सांगितलं? तो म्हणतो, बापाच्या कपाळावर ती लाज कशी आणू? त्याची चूप पूर्ण अब्रूची आहे, त्यात मत्सराचा कण नाही. त्या चूपनेही माणूस मेलाच. मग रातराणी, चांगल्या हेतूची चूप आणि वाईट हेतूची चूप यांत नाटक फरक करतं का?

रातराणी

शमी, या प्रश्नावर बराच विचार केला. मला वाटतं करतं, पण मरणाच्या बाबतीत नाही, नंतर काय होतं त्या बाबतीत करतं.

इपोलीतची चूप आरिसीजवळ सुटते. तो तिला सगळं सांगतो आणि कोणाला सांगू नकोस म्हणून विनवतो. म्हणून ती थीसियससमोर उभी राहून, वचन न मोडता, एवढं बोलू शकते, की तुम्ही खूप राक्षस मारलेत, पण एक जिवंत राहिलाय. मग ती थांबते. त्या अर्धवट वाक्याने राजाला पहिल्यांदा शंका येते आणि तो एनोनला बोलवायला धाडतो. तोवर उशीर झालेला, पण सत्याला वाट फुटली ती तिथून. फेद्रच्या चूपला वाट करून देणारं कोणीच नव्हतं. जी एक होती तिला तिनेच घालवलं.

तुमच्या मूळ तक्रारीबद्दलही आता माझं मत थोडं सरकलंय. मरताना ती एनोनवर दोष टाकते हे खरं. पण ती एका झटक्यात मरू शकत होती. तलवारीने केव्हाच संपवलं असतं, असं ती स्वतः म्हणते, पण मग इपोलीतचं निर्दोषपण कोणी सांगितलं असतं? म्हणून मेदेआने अथेन्सला आणलेलं, सावकाश चढणारं विष तिने निवडलं. पहिल्या अंकात जिला नाव उच्चारवत नव्हतं, ती चारचौघांत नवऱ्यासमोर उभी राहून सगळं बोलते. उशिरा, आणि अर्धं एनोनच्या माथी मारून, पण बोलते.

थीसियस त्यानंतर काय करतो तेही आपण कोणी लिहिलं नाही. मुलाच्या प्रेताकडे निघताना तो सांगतो, की आरिसीचे घरचे कितीही वैरी असोत, आजपासून ती माझी मुलगी. नाटक तिथे संपतं. एनोनचं मात्र त्या शेवटच्या बोलण्यात नावही नाही, आणि त्याचं माझ्याकडेही उत्तर नाही.